पुढच्या डाव्या चाकाची चिठ्ठी

“पाय माझाच गेला, मिस्त्री. गाडीला नावं ठेवू नकोस.”

“मी कुठं ठेवली?”

“तोंडानं नाही ठेवलीस. पण मघापासून त्या पॅडलकडं असा बघतोयस, जसं काही त्यानं तुझी तंबाखूची पुडी पळवलीय. मी सांगतो ना, मेंदूनं हुकूम सोडला, तो पायाला पोचेपर्यंत गाडी तिकडं पोचली.”

“बघू.”

“बघायचं काय त्यात? संपलं. चल, मला घरी ने.”

हे बोलणं चाललं होतं गाड्यांचं पासिंग करतात त्या मैदानात, भर सकाळी, पंधरा-वीस माणसांदेखत. म्हातारीचं नाक समोरच्या टायरांच्या ढिगात घुसलं होतं आणि डाव्या दिव्याची काच खाली सांडली होती. म्हातारी म्हणजे गाडी. दोघांपेक्षा वयानं थोरली, पुढून डुकरासारखं नाकाड, मागून कासवासारखी पाठ. चार वर्षं ती टपालच्या, म्हणजे पाय गेला म्हणणाऱ्याच्या, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुट्या तुकड्यांत पडून होती आणि चार वर्षं दोघं मित्र सुट्टीच्या दिवशी ती एकेक तुकडा करून उभी करत होते.

टपालला दुसरं नाव होतं, पण ते पेन्शनच्या कागदांवरच राहिलं. चौतीस वर्षं त्यानं टपाल कचेरीत पत्रांची छाननी केली. हे या खणात, ते त्या खणात. निवृत्त झाला तरी हाताची खोड गेली नाही. म्हातारीचा एकेक नटबोल्ट त्यानं बिस्किटाच्या डब्यात घातला, डब्याला नंबर दिला, मोठ्या तुकड्यांना दोऱ्यानं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आणि तिच्यावर न पुसणाऱ्या शाईनं गोल अक्षरात लिहिलं. ‘मागचं उजवं दार, वरची बिजागरी.’ ‘पुढचं डावं.’ ‘पुढचं उजवं.’

मिस्त्रीला त्या चिठ्ठ्या बघून हसू यायचं. लाकडाच्या वखारीमागं त्याचं गॅरेज. पत्र्याचं छप्पर, मध्ये एक खड्डा, भिंतीला टांगलेले पाने. तो हे काम शिकला ट्रकच्या अड्ड्यावर, एका उस्तादाच्या हाताखाली. पहिली तीन वर्षं नुसते पार्ट धुतले. उस्तादाचा एकच कायदा होता. खोललेलं डोक्यात ठेवायचं. कुणी खडूची खूण करताना दिसला की कानाखाली बसायची, वर विचारायचा, “लिहायचंच होतं तर कचेरीत का नाही गेलास?” चाळीस वर्षं मिस्त्रीनं तो कायदा पाळला. आख्खं इंजिन जमिनीवर पसरायचं आणि आठ दिवसांनी एकही वॉशर न उरता परत बसवायचं, हा त्याचा बाणा. पंचक्रोशीत त्याचं नाव होतं, आणि ते नाव तो रोज सकाळी सदऱ्यासारखं अंगात घालायचा.

दोन वर्षांपूर्वी टपालला झटका आला. उजवं अंग गेलं. हात लवकर परतला, पाय मात्र रेंगाळला. तेव्हा मिस्त्रीनं एका फळीवर जुनं पॅडल ठोकलं, खाली जाडजूड स्प्रिंग बसवली आणि ती त्याच्या खुर्चीसमोर ठेवली. “हे दाबत बस. पाय तयार होईपर्यंत मी म्हातारीला तयार करतो.” टपालनं रोज सकाळी दोनशे वेळा ते पॅडल दाबलं. टक, टक, टक. शेजारच्या घरात त्यावर घड्याळ लावायचे. पासिंगच्या दिवशी गाडी मीच चालवणार, हे त्याचं ठरलेलं होतं. त्यासाठीच तर सगळा खटाटोप.

आणि त्या दिवशी मैदानात त्यानं ती चालवली. इन्स्पेक्टर साहेबांनी शिट्टी मारली, टपालनं ब्रेक दाबला, म्हातारी खडूच्या रेघेवरून सरळ पुढं गेली ती टायरांत जाऊन थांबली. साहेब आले, टपाल दार धरून उतरताना त्याचा पाय फरफटला तो त्यांनी पाहिला आणि म्हणाले, “आजोबा, पाय चालत नाही तर लोकांच्या जिवाशी कशाला खेळता? घरी बसा.” रागानं नव्हे. वेळ सांगावी तसं. टपालनं मान हलवली. त्याला पटलं होतं.

येताना म्हातारीला टेम्पोवर चढवून आणली होती, आणि परत ऐटीत चालवत नेऊ म्हणून टेम्पो सोडून दिला होता. आता मिस्त्रीच स्टिअरिंगवर बसला. साहेबांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्यानं गाडी ढिगातून मागं काढली आणि ब्रेक दाबला. म्हातारी जागच्या जागी थिजली. टपालचं डोकं सीटवर आपटलं.

“बघ,” टपाल मान चोळत म्हणाला, “ब्रेक असा आहे. तुझ्या कामात खोट नाही, लेका. खोट इथं आहे.” आणि त्यानं आपल्या गुडघ्यावर थाप मारली.

फाटकाबाहेर रस्त्याला जरा उतार होता. पुढं पहिला चौक, चौकात कांद्यांनी भरलेली एक हातगाडी. मिस्त्रीनं ब्रेक दाबला. पॅडल दगडासारखं घट्ट, आणि गाडी आपली चाललीच. त्यानं आणखी जोर लावला, मांडी थरथरली, तरी चाललीच. गडी जुना होता म्हणून निभावलं. झटक्यात खालचा गिअर टाकला, हॅन्डब्रेक हळूहळू ओढला आणि हातगाडीपासून वीतभर अलीकडं म्हातारी उभी राहिली.

टपाल खिडकीबाहेर बघत होता. त्याला काही कळलं नव्हतं.

मिस्त्रीला मात्र सगळं कळलं. धडधाकट पायानं जी थांबत नाही, ती टपालच्या पायानं काय थांबणार होती? पाय गेला नव्हता. ब्रेक गेला होता, आणि ब्रेक मिस्त्रीनं बसवला होता.

तिथंच बोलायचं होतं. ‘टपाल, तुझा पाय नव्हे रे,’ एवढंच. पण आधी कारण शोधू, मग सांगू, असं त्यानं मनाला बजावलं. मग उरलेला सगळा रस्ता त्यानं गाडी गिअरवर आवरत नेली, आणि दर वेळी ब्रेकच्या पॅडलवर पाय ठेवत गेला. नुसता दाखवायला. शेजारच्या माणसाला वाटावं, ब्रेकनंच थांबतेय.

“किती हळू नेतोस,” टपाल एकदा म्हणाला. मिस्त्रीनं आणखी एक गिअर खाली टाकला. टपालला दारात सोडून त्यानं म्हातारी गॅरेजवर आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पुढची चाकं जॅकवर घेतली, ड्रम काढले आणि बसून राहिला. बघायला फार वेळ लागलाच नाही. या गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकात दोन छोटे सिलेंडर असतात, आणि ते एका लोखंडी प्लेटवर बसलेले असतात. गाडी पुढं जाताना ब्रेक दाबला की चाकाबरोबर फिरणारा ड्रम आतल्या ब्रेकशूंना स्वतःच ओढून धरतो, म्हणून थोड्या दाबानं गाडी थांबते. पण डावी प्लेट उजवीकडं आणि उजवी डावीकडं बसवली, तर सगळं उलटं होतं. मागं जाताना गच्च धरतो आणि पुढं जाताना झटकून टाकतो. दोन्ही प्लेटा जुळ्या बहिणींसारख्या. बोल्टाची भोकं दोन्हीकडं सारखीच. फक्त सिलेंडरांची तोंडं वेगळ्या दिशेला.

मिस्त्रीनं डावी उजवीकडं बसवली होती. आता त्याला आठवलं की ब्रेकची नळी पोचत नव्हती, तेव्हा त्यानं ती हातानं वाकवून ओढून बसवली होती. जुनी आहे, आक्रसली असेल, असं म्हणून. आणि ब्रेक तपासला तो कसा? शेडमधून म्हातारी मागं मागं काढत गल्लीच्या तोंडापर्यंत आणली होती, गल्लीत वळवायला जागाच नव्हती. मागं जाताना ब्रेक दाबला आणि ती खिळल्यासारखी उभी राहिली. मिस्त्रीनं दारात उभ्या असलेल्या टपालला बघून मिशीवरून हात फिरवला होता. मग पुढं घेतली ती माणूस चालतो त्या वेगानं. तेवढ्याला मागचे ब्रेक पुरेसे होते.

तो उठला आणि कोपऱ्यातल्या घमेल्याकडं गेला. पार्ट धुवायचं घमेलं, तळाला चार बोटं चिखल. हात घालून चाचपडलं तर दोऱ्यासकट एक पुठ्ठ्याचा तुकडा वर आला. रॉकेलनं पुठ्ठा लिबलिबीत झाला होता, शाई मात्र होती तशी. ‘पुढचं डावं.’

त्यानंच तोडल्या होत्या त्या चिठ्ठ्या. प्लेटा इथं गॅरेजवर आणून धुताना मध्ये मध्ये येत होत्या. तेव्हा टपालनं दारातून विचारलं होतं, “अरे, डाव्या-उजव्याच्या चिठ्ठ्या कुठं गेल्या?” आणि मिस्त्रीनं मान वर न करता उत्तर दिलं होतं, “माझे हात आंधळे नाहीत.”

त्या दिवशी त्यानं प्लेटा बदलल्या, नळ्यांतली हवा काढली, वखारीपुढच्या मोकळ्या रस्त्यावर म्हातारी जोरात पळवून पाहिली. बोट टेकवल्यासारखा ब्रेक दाबला की थांबत होती. फुटलेला दिवाही बदलला. सगळं काम दुपारपर्यंत संपलं. फक्त सांगायचं तेवढं राहिलं.

घरी जेवायला बसला तर पानातून नुसती बोटं फिरवत राहिला. बायको म्हणाली, “अहो, कुणाचं काय चोरलंत? चेहरा तसा दिसतोय.”

“काही नाही. डोकं दुखतंय.”

“मग डोक्याला हात लावा. पानाला कशाला लावताय?”

तिसऱ्या दिवशी तो टपालकडं गेला. टपाल खुर्चीत बसला होता, समोर काही नव्हतं. फळी नव्हती. वहिनींनी चहा आणला. मिस्त्रीनं बशीत ओतला, फुंकला आणि बशीकडंच बघत म्हणाला, “टपाल, पाय नव्हता रे. ब्रेकचे लायनर जुने होते. मी बदलले. आता ब्रेक एकदम झकास.”

अर्धं खरं, अर्धं खोटं. लायनर नवेच होते, टपालनं स्वतः आणलेले.

टपाल हसला. “मन राखतोस माझं. नको. तुझ्या हातचा ब्रेक मी मागं येताना पाहिला ना. डोकं आपटलं माझं.” मग जरा थांबून म्हणाला, “मी ठरवलंय. तो लग्नाचा हॉल आहे ना मोठ्या रस्त्यावर, त्याचा मालक म्हातारीला फाटकात उभी करायला मागतोय. शोभेला. बॉनेट काढून आत फुलझाडांच्या कुंड्या ठेवणार म्हणाला. गुरुवारी येतोय न्यायला.”

“कुंड्या?”

“मग काय, तिनं आणि मी दोघांनी शोभेलाच बसायचं आता.”

मिस्त्रीनं चहा संपवला आणि उठला. पायरीपर्यंत वहिनी आल्या. आवाज खाली करून म्हणाल्या, “भावजी, ती फळी त्यांनी पलंगाखाली सारली. टकटक बंद झाली. कालपासून जिनासुद्धा उतरले नाहीत. पडेन म्हणतात. कधी पडले नव्हते हो. तुमचं ऐकतात, काही तरी सांगा त्यांना.”

“सांगतो,” मिस्त्री म्हणाला. त्यानं चपला घातल्या. खरं तर त्याच पायरीवरून मागं वळायचं होतं. तो गॅरेजवर गेला आणि एका रिक्षाचा क्लच घेऊन बसला.

चौथा दिवस गेला, पाचवा गेला. रोज तो त्या घरावरून गेला, एकदा आतही गेला, चहा पिऊन आला. हवापाण्याच्या गप्पा मारल्या. गॅरेजमध्ये म्हातारी कापड पांघरून उभी होती, आणि मिस्त्री तिच्याकडं पाठ करून काम करायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, “मिस्त्री, जरा ब्रेक बघा, तुमच्याशिवाय कुणावर भरवसा नाही.” हे ऐकलं की हातातला पाना जड व्हायचा. चूक तर कुणाचीही होते. त्याच्या जिवाला खात होती ती चूक नव्हती. शेजारी बसलेल्या मित्राला दिसावं म्हणून पॅडलवर खोटा खोटा ठेवलेला तो पाय खात होता.

बुधवारी दुपारी तो गेला. बसला नाही. खिशातून चिठ्ठी काढून टपालच्या मांडीवर ठेवली.

टपालनं चष्मा लावला. आपलं अक्षर ओळखलं. “हे कुठं सापडलं?”

“धुवायच्या घमेल्यात. तळाला.”

“दोरा तुटलाय.”

“मी तोडला. दोन्ही चिठ्ठ्यांचा.”

“मी तुला विचारलं होतं.”

“हो.”

“काय म्हणाला होतास?”

मिस्त्रीनं भिंतीकडं बघितलं. “माझे हात आंधळे नाहीत म्हणालो होतो.”

मग त्यानं सगळं सांगितलं. डावी उजवीकडं, उजवी डावीकडं, नळी वाकवली ती, ब्रेक मागं जाताना तपासला तो. टपाल ऐकत होता आणि चिठ्ठीचा चुरगळलेला कोपरा नखानं सरळ करत होता. चौतीस वर्षं चुकीच्या खणात गेलेली पत्रं शोधणारा माणूस. त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

“कधी कळलं तुला?” त्यानं विचारलं.

इथं मिस्त्रीला म्हणता आलं असतं, काल. कुणी पाहिलं नव्हतं.

“परत येताना. पहिल्या चौकात. कांद्याची हातगाडी होती बघ. ब्रेक लागलाच नाही. गिअरवर थांबवली.”

“मी शेजारी बसलो होतो.”

“हो.”

“पाय तर ठेवत होतास ब्रेकवर. मी पाहिलं.”

“तुला दिसावा म्हणून ठेवत होतो.”

टपालनं चष्मा काढला. बराच वेळ पुसत बसला. “मला वाटलं,” तो म्हणाला, “म्हातारीला जपून नेतोयस.”

मिस्त्री उभाच. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना, म्हणून त्यानं ते मागं धरले, शाळेत धरायचा तसे.

“अगं, बाहेर ये,” टपालनं आत हाक दिली. “याला तुला काही सांगायचंय.”

वहिनी पदराला हात पुसत आल्या. मिस्त्रीनं टपालकडं पाहिलं. टपालनं मान खाली घालून चिठ्ठी न्याहाळली. सुटका नव्हती. मग त्यानं सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. दुसऱ्यांदा सांगताना ते आणखी वाईट वाटत होतं, कारण आता त्याला पुढचं वाक्य आधीच ठाऊक होतं.

वहिनी ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, “आज सहावा दिवस, भावजी. मधल्या दिवसांत दोनदा तुम्ही इथं चहा पिऊन गेलात. मी पायरीवर तुम्हालाच सांगितलं, त्यांना काही तरी सांगा.” आणि आत गेल्या. थोड्या वेळानं पलंगाखालून काही तरी ओढल्याचा आवाज आला. त्यांनी फळी आणून टपालच्या पायाशी ठेवली आणि चहा न विचारता परत गेल्या.

टपालनं लगेच पाय लावला नाही. “त्या साहेबालाही सांगायचंस,” तो म्हणाला. “मैदानातच. हळू आवाजात नाही. मला घरी बसा म्हणाला तो पंधरा माणसांसमोर.”

“सांगतो.”

“आणि हॉलवाल्याला निरोप दे. कुंड्या त्याच्या त्याच्याकडंच राहू देत.”

“देतो.”

“जा आता.”

मिस्त्री पायऱ्या उतरून रस्त्याला लागला, तेव्हा मागून आवाज आला. टक. मग बराच वेळ काही नाही. मग परत टक.

पुढच्या पासिंगच्या दिवशी मैदानात तितकीच माणसं होती. त्यात तीन-चार गॅरेजवाले, चाळीस वर्षांत ज्यांनी मिस्त्रीला विचारल्याशिवाय अवघड इंजिन उघडलं नव्हतं असे. मिस्त्री साहेबांच्या टेबलापुढं उभा राहिला. आवाज बारीक निघाला, तर मागून टपाल म्हणाला, “ऐकू येत नाही.” मग त्यानं घसा साफ केला. “साहेब, त्या दिवशी गाडी थांबली नाही ती यांच्या पायामुळं नाही. पुढच्या ब्रेकच्या प्लेटा मी डाव्या-उजव्या उलट्या बसवल्या होत्या. यांनी चिठ्ठ्या बांधल्या होत्या, त्या मी तोडल्या. आणि चूक कळल्यावरही बोललो नाही.”

गॅरेजवाल्यांत चुळबुळ झाली. त्यातला एक जाडा म्हणाला, “मिस्त्री, चपला तरी ज्या त्या पायात आहेत का बघा.” बाकीचे हसले. मिस्त्रीनं खरंच खाली पाहिलं, आणि ते आणखी हसले.

साहेबांनी कागद उलटवला. “बरं,” ते म्हणाले. “मग आज चालवणार कोण?”

टपाल पाय ओढत गाडीपर्यंत गेला, दार उघडलं, आधी बूड टेकवलं, मग दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून आत घेतला. कुणी मदतीला गेलं नाही. म्हातारी धुरळा उडवत निघाली, चांगली जोरात. शिट्टी वाजली. मिस्त्रीनं डोळे मिटले. उघडले तेव्हा म्हातारी खडूच्या रेघेअलीकडं दोन हात उभी होती आणि तिच्या पुढच्या चाकांखालून धुरळा वर येत होता. साहेबांनी शिक्का मारला. आधी बोललेल्या शब्दांबद्दल ते काही बोलले नाहीत. टपालनंही तशी वाट पाहिली नाही.

परतताना टपाल चालवत होता, मिस्त्री शेजारी. पहिल्या चौकात आज हातगाडी नव्हती, तरी टपालनं कितीतरी अलीकडं ब्रेक दाबला आणि गाडी थांबवून ठेवली. मागचे हॉर्न देऊ लागले.

“लागला,” टपाल म्हणाला.

“हो.”

वखारीपाशी त्यानं गाडी उभी केली, इंजिन बंद केलं नाही. मिस्त्री उतरला. दार लावून खिडकीत वाकला. “सुट्टीच्या दिवशी येऊ? वायपरचं राहिलंय.”

टपालनं समोर बघत गिअर टाकला. “बघू,” म्हणाला. म्हातारी वळण घेऊन दिसेनाशी होईपर्यंत मिस्त्री रस्त्यात उभा राहिला.

गॅरेजच्या दारात एक टेम्पो येऊन थांबला होता, आणि ड्रायव्हर फळकुटावर बसून जांभया देत होता. “किती वेळ मिस्त्री. पुढच्या चाकांत घरघरतंय. संध्याकाळी माल भरायचाय मला.”

मिस्त्रीनं शर्ट काढून खुंटीला अडकवला, जॅक लावला, दोन्ही चाकं उतरवली. ड्रम काढायच्या आधी त्यानं खिशातून खिळा काढला आणि डाव्या बाजूच्या प्लेटवर एक रेघ ओढली, उजव्या बाजूला दोन.

“हे काय नवीन?” ड्रायव्हरनं विचारलं.

“काही नाही. तो पाना दे इकडं. तो नव्हे, मोठा.”